आले हं!

२०१५ साल होतं. स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम अजून सुरू व्हायचं होतं. सदाशिव पेठेतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिघंच जण सगळं सांभाळत. काउंटरवर चंपाताई, रक्त घ्यायला दशरथ आणि आम्रपाली.

येरवड्याहून येणारी आम्रपाली स्पर्धेच्या नाटकात थोरल्या सुनेचं काम करत होती. तालीम संध्याकाळी असे, म्हणून तिची संध्याकाळची पाळी दशरथने आपणहून अंगावर घेतली. चंपाताई ज्येष्ठमधाची कांडी आणून देत. "चघळ. थोरलीचा आवाज बसला तर घर कोण चालवणार?" पेशंट नसले की दशरथ सासू होऊन तिची वाक्यं पाठ करून घेई, आणि सासू अशी ठसक्यात करी की चंपाताई म्हणत, "अहो, स्पर्धेला तुम्हालाच पाठवू या."

दिवाळीनंतर दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. "आवाज छान आहे, पण स्टेजवर फार अवघडून उभी राहतेस." सुनेचं काम दुसऱ्या मुलीकडे गेलं. आम्रपालीच्या वाट्याला आतून द्यायची एक हाक उरली, "आले हं!"

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं ठरवूनच ती आली. तर चंपाताईंनी पिशवीतून आपली हिरवी इरकल काढली. "थोरलीला शोभेल. डाग पाडलास तर याद राख." आम्रपालीने साडी घेतली. सांगायचं राहून गेलं.

डिसेंबरात दशरथने चाचरत विचारलं, "आजची तालीम महत्त्वाची आहे का गं? अक्षताचं गॅदरिंग आहे. पहिल्यांदाच नाचतेय पोरगी."

ती तोंड उघडणार तोच चंपाताई म्हणाल्या, "महत्त्वाची नाही म्हणजे? थोरली सून आहे ती!"

दशरथ हसला. "बरोबर आहे. पोरगी पुढच्या वर्षीही नाचेल. जा तू."

आम्रपालीने नुसती मान हलवली. तालमीत त्या दिवशी तिचं काही कामच नव्हतं. ती स्वारगेटच्या बाकावर बसून राहिली. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. उठून परत जावं, दशरथला मोकळं करावं, असं किती वेळा मनात आलं. उठली ती थेट घरी जायलाच.

प्रयोगाला दोघं तिसऱ्या रांगेत बसली होती. विंगेतून तिला दिसत होती. तिने "आले हं!" म्हटलं आणि दशरथने आवाज ओळखून टाळ्या वाजवल्या. थोरलीची वाक्यं दुसरीच कोणी म्हणत होती, तरी पडदा पडेपर्यंत दोघं तिच्या येण्याची वाट पाहत राहिली.

बाहेर चंपाताई म्हणाल्या, "आले म्हणालीस, आणि आलीच नाहीस. तू हुकशील म्हणून मी मध्यंतरात वडा खायलाही उठले नाही."

तेव्हा आम्रपालीने सगळं सांगितलं. गॅदरिंगच्या दिवसाचंही.

दशरथने स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवली. "त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होतो," तो म्हणाला आणि निघून गेला.

आठवडाभर तो कामापुरतंच बोलला. मग एका संध्याकाळी म्हणाला, "नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या ना? निघ."

"नको दादा. माझं काय काम तिथे?"

"आतून हाक द्यायलाही माणूस लागतंच. पण खरं सांगून जात जा."

पुढे तिला दोन छोटी कामं मिळाली. सून कधीच मिळाली नाही. चंपाताई निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेल्या, फोन उचलल्यावर अजून "आले हं!" म्हणतात. इरकल त्यांनी परत घेतली नाही आणि आम्रपालीने ती कधी नेसली नाही. दशरथ आता दुसऱ्या लॅबमध्ये आहे. अक्षताने पुढच्या वर्षी नाच सोडला आणि खो-खो धरला. तिचा तो एकच नाच कोणा पालकाने मोबाईलवर टिपला होता. दशरथ भेटला की कौतुकाने दाखवायला काढतो. आम्रपाली दरवेळी म्हणते, चष्मा घरी राहिला.