दामिनीचा साप

खरं सांगायचं तर संघपालच्या पोटात दुखत होतं, दोन महिन्यांपासून. कोराडीत कोणाच्या घरी साप निघाला की वीस वर्षं लोक त्यालाच फोन करत. आणि पेपरात फोटो कोणाचा? तर दामिनीचा. जिला साप धरायची काठी त्यानंच हातात दिली, जी पहिल्या दिवशी साधी धामण पाहून पलंगावर चढली होती, तिनं म्हणे मातीत राहणारा असा साप शोधला, जो या भागाबाहेर जगात कुठंच नाही. घ्या आता.

पण तिचा साप तपासणारे प्राध्यापक म्हणाले होते, एकाच सापावरून नवी प्रजाती पक्की ठरत नाही, दुसरा पाहिजे. दामिनीनं लगेच संघपालला फोन केला होता. "काका, गळ्यावर पिवळी रेघ, पोट लालसर. भेटला तर मले सांगजा."

"सांगीन न," असं म्हणून फोन ठेवल्यावर तो अर्धा तास बायकोवर खेकसत होता.

आज सकाळी तुळसाबाईच्या अंगणात, गोवऱ्यांखाली, तोच साप. पिवळी रेघ, लालसर पोट. संघपालनं तो बरणीत घेतला, झाकण लावलं आणि त्याच्या मनात पाप आलं. नेऊन सोडायचा पार मौद्याकडे. बसू दे तिला शोधत.

"कोणता हाय गा भाऊ?" तुळसाबाईनं विचारलं.

"कवड्या. बिनविषारी."

सापाचं नाव तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगत होता.

"मांगच्या बैलपोयालेही तुम्ही हेच म्हटलं होतं," तुळसाबाई म्हणाली. "असाच होता, पिवळ्या गळ्याचा. मी म्हटलं, भाऊ, हा नेहमीचा नाही दिसून राहिला. तर तुम्ही म्हटलं, बाई, आता तुम्ही मले शिकवता का?"

संघपालला आठवलं. घाई होती. बरणीत नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तलावाकाठी साप सोडून मोकळा झाला होता. दामिनीच्या कितीतरी आधी. आणि तेव्हा तर तो खोटं बोलत नव्हता.

माझ्या हाती लागला असता तर, असं दोन महिने घोकत होता. लागला होता की.

त्यानं दामिनीला फोन लावला. आनंदानं पोरीला बोलणं सुधरेना. "काका, हा दुसरा तुम्हाले सापडला, असं पेपरात तुमचं नाव टाकाले लावते मी."

नाव तर त्याला आताही हवंच होतं, अगदी जीव तुटेस्तोवर.

"तुळसाबाईचं टाक," तो म्हणाला. "तिनं दोनदा पाह्यला."