कोरगावची टाकी

पाळीच्या दत्तारामने उभ्या आयुष्यात दुसऱ्याचंच स्टिअरिंग धरलं. खाणीवरचं खनिज जेटीवर नेणारे टिपर चालवता चालवता त्याचे केस पिकले, पण घरासमोर स्वतःची चार चाकं कधी उभी राहिली नाहीत. खाणी बंद पडल्या, पुढे काही सुरूही झाल्या, तोवर त्याचं वय निघून गेलं होतं. मुलगी लग्न होऊन फोंड्याला गेली आणि घरात तो आणि सुशीला अशी दोघंच उरली. तेव्हा साखळीच्या एका डॉक्टरच्या परसात वेलींखाली गाडली गेलेली जुनी पद्मिनी मोटार त्याने दोरखंड लावून घरी ओढून आणली.

"गाडी हाडलात काय कोंबयांचो खुराडो?" सुशीलाने विचारलं.

तिचं चुकत नव्हतं. पण दत्तारामने साखळीतला गॅरेजवाला बाबली गाठला आणि दोघं कामाला लागले. इंजिन खोललं, कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, सीटा शिवून घेतल्या, फिकट निळा रंग मारला. वर्षभरात गाडी पुन्हा गाडीसारखी दिसू लागली आणि सुशीलाही संध्याकाळी तिच्यावरची धूळ पुसू लागली.

पहिला लांबचा प्रवास ठरला तो कोरगावचा. पेडणे तालुक्यातलं कोरगाव हे सुशीलाचं माहेर; तिच्या भावाने नवं घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण होतं. दत्तारामने इस्त्रीचा शर्ट घातला. डिचोलीपर्यंत गाडी मऊ लोण्यासारखी गेली. अस्नोडा मागे पडलं आणि तिने दोन आचके देऊन प्राण सोडला. बॉनेट उघडून दत्ताराम इकडेतिकडे बघेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. मग किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू! थोडं अंतर गेली, पुन्हा बंद. कोलवाळच्या पुलावर तर मागे वाहनांची रांग लागली आणि लोक खिडकीतून तोंडं काढून बोलू लागले. सुशीलाने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. कोरगावला पोचले तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या.

"भावोजी, चलत इले असतात तर जेवणाक तरी गावले असतात," मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला आणि मांडवातले लोक हसले. दत्तारामही हसला, पण लगेच परत निघायची घाई करू लागला.

दुसऱ्या दिवशी बाबलीने पंप तपासला, कार्बोरेटर धुतला. दोन्ही ठणठणीत होते. मग त्याने डिकी रिकामी करून पेट्रोलची टाकी सोडवली, हातात धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"भाऊ, तुमच्या टाकयेत चुरमुरे भरलेले आसत," तो म्हणाला. "सगळो गंज. गाडी धावताना तो पायपाच्या तोंडार येवन बसता. बंद केली की खाली पडता. म्हणान परत चालू जाता."

टाकी बदलायला हवी हे बाबलीने तेव्हाच सांगितलं. पण दत्तारामला ते पटेना. लोखंड धुतलं की साफ होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने टाकीत रॉकेल ओतलं, सायकलची जुनी चेन टाकली आणि टाकी मांडीवर घेऊन घुसळत बसला. बालदीभर लाल चिखल बाहेर आला. तो खूश झाला. पण गंजानेच जी भोकं बुजवून धरली होती ती आता उघडी पडली. टाकी बसवून पेट्रोल भरलं तेव्हा खाली थेंब टपकू लागले आणि घरभर वास पसरला. सुशीलाने संध्याकाळचा दिवा लावायला काडी काढली आणि तशीच परत पेटीत ठेवली.

"आदी ती गाडी भायर काढा," ती म्हणाली. "मगे देवाचा बघू."

बाबलीकडे जाऊन दत्तारामने भोकांना वेल्डिंग मारायला सांगितलं. बाबलीने सरळ कानाला हात लावले. "पेट्रोलच्या टाकयेक मी इस्तो लावचंय नाय. माका दोन पोरां आसत." मुंबईहून नवी म्हणून एक टाकी मागवली, तर तिचं तोंड भलत्याच बाजूला निघालं. ती परत गेली. गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच, आणि दत्ताराम खुर्ची तिच्याकडे पाठ करून बसू लागला.

शेवटी सुशीलाच म्हणाली, "कोरगावात गंगाकाकीकडे अशीच गाडी आसा."

गंगाकाकी म्हणजे सुशीलाच्या माहेरच्या शेजारची. तिचा नवरा शांताराम फेरीबोटीच्या इंजिनावर कामाला होता. तो जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्याची पद्मिनी मात्र अजून पडवीशेजारच्या कौलारू खोपीत उभी होती.

बाबलीच्या व्हॅनमधून तिघं गेले. काकीने खोप उघडली, गाडीवरच्या जुन्या चादरी एकेक करून घडी घातल्या आणि बाजूला उभी राहिली. डिकीतली टाकी उघडून बाबलीने बॅटरी मारली आणि शीळच घातली. आतला पत्रा तेल लावलेल्या तव्यासारखा चकाकत होता. आजारी पडल्यावर शांतारामने म्हणे पेट्रोल काढून टाकलं होतं आणि आत तेल ओतून टाकी चारी बाजूंनी फिरवून ठेवली होती.

"टाकी नेवा," काकी म्हणाली. "माका तेचे पैशे नकोत. पण जागा रिकामी ठेवची नाय. तुमची जुनी टाकी आणा आणि थंय बसवा."

दत्तारामला हसू आवरलं नाही. "काकी, ही गाडी आता खंय धावतली? फुटकी टाकी बसवन कोणाक दाखवची? त्यापरास आख्खी गाडीच द्या. हंय उभी कुजान जातली."

काकीने घडी घातलेल्या चादरी उचलल्या, पुन्हा गाडीवर पसरल्या, कोपरे नीट ओढून घेतले. मग दत्तारामकडे वळली.

"जावयबापू, च्या घेतलात मां? मग उठा आता."

परतीच्या वाटेवर बाबली गाडी चालवत राहिला आणि मागे नवरा-बायको दोन खिडक्यांना लागून बसली. पूल ओलांडल्यावर सुशीलाने तोंड उघडलं.

"शांतारामकाका गेले आणि तेरावो जाल्यार पुतण्यान विहिरीवयलो पंप दुरुस्तीक म्हणान नेलो. परत मागलो तर काकीक काय लागता पंप, म्हणालो. मगे पायप गेले. मगे माडांचे नारळ. एक वस्त हलली की दुसरी हलाक वेळ लागना. गाडयेक तिणा हात लावक दिलो नाय."

"माका काय म्हायत?"

"इचारलात खंय? तुमी हसलात."

दत्तारामला आठवला तो खाण बंद पडल्यावर मालकाच्या आवारात उभा केलेला टिपर. त्यानेच चालवून आणून लावला होता, धुऊन, पुसून. पहिल्यांदा कोणी तरी बॅटरी नेली. उभ्या गाडीला बॅटरी कशाला, असं मालकच म्हणाला होता. मग टायर गेले, मग आरसे, मग सीट. पुढे एकदा तो त्या बाजूने गेला तेव्हा नुसता सांगाडा राहिला होता आणि त्यातून रानटी झुडूप वर आलं होतं. त्याने त्या वाटेने जाणंच सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर दोन दिवस तो आपल्या फुटक्या टाकीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच ती अंगणात घेऊन बसला. साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुतली, पुन्हा धुतली, उन्हात वाळवली. बाहेरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. भोकांवर पुट्टी भरली आणि वरून काळा रंग मारला. सुशीला कपडे वाळत घालता घालता थांबली.

"फुटकी टाकी रंगयतात?"

"दुसऱ्याच्या घरा जावची आसा," तो म्हणाला.

बाबलीने यायला नकार दिला. काकीच्या दारात पुन्हा उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. मग दत्ताराम एकटाच निघाला, खांद्यावर पाने-पकडींची पिशवी आणि कवेत टाकी घेऊन. साखळीच्या स्टँडवर म्हापशाच्या बसमध्ये तो चढला, तर कंडक्टर धावत आला.

"काका, ही पेट्रोलची टाकी मां? बसीत चलना. उतरा."

"वास घे," दत्तारामने टाकीचं तोंड त्याच्यासमोर धरलं. "पेट्रोलाचो वास इलो तर उतरतंय."

कंडक्टरने नाक लावलं. "साबणाचो वास येता."

"मगे?"

"माझ्या पाटयेपरास बरो वास आसा," पलीकडच्या सीटवरची मासेवाली म्हणाली आणि आपली पाटी पायाने आत सरकवून तिने टाकीला जागा करून दिली.

कोरगावात पोचला तेव्हा काकी सोप्यावर सुपात कुळीथ घेऊन बसली होती. दत्तारामने टाकी तिच्यासमोर ठेवली.

"काकी, त्या दिसा मी भलताच बोललंय."

काकीने सूप बाजूला ठेवलं. टाकीवर बोटाने टकटक केलं, खालून वरून बघितली. "रंग सुकलोसा मां?" एवढंच विचारलं आणि आत जाऊन खोपीची चावी घेऊन आली.

काम सोपं नव्हतं. इतक्या वर्षांत बोल्ट जागच्या जागी रुतून बसले होते. काकीने खोबरेल आणून दिलं. ते सोडत, थांबत, पुन्हा पाना लावत दत्तारामने एकेक बोल्ट हलवला. टाकी सुटताना आत उरलेलं तेल त्याच्या शर्टावर सांडलं. एक नट निसटून गाडीखाली गेला, तो काकीने केरसुणीच्या दांड्याने बाहेर ओढला. मग त्याने काळी टाकी उचलून त्या जागी ठेवली.

तेवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. काकीचा पुतण्या गौरेश खोपीच्या दारात उभा राहिला. उघडी डिकी, जमिनीवरची हत्यारं, तेलाने माखलेला परका माणूस, सगळ्यावरून त्याची नजर फिरली.

"काय गे काकी, गाडी विकलंस? माका सांगाचा नाय? भंगारवालो माझ्या वळखीचो आसा."

काकीचा हात सुपावर नव्हता, तरी ती काहीतरी पाखडल्यासारखी बोटं हलवू लागली. दत्तारामने ते बघितलं. त्याने डिकीतून मान बाहेर काढली.

"विकली नाय. टाकी बदलतंय."

गौरेशने वाकून आत बघितलं. काळी कुळकुळीत टाकी जागेवर बसलेली होती. "मगे काय, चालू करतलंस गाडी?" त्याने काकीला विचारलं.

"करीन नाय तर ना करीन," काकी म्हणाली. तिचे हात आता स्थिर होते. "तुका कित्याक तो हिशोब? पंप दुरुस्त करून आणून देतंय म्हणालो हुतस, तो खंय?"

गौरेशने घड्याळात बघितलं, कसलं तरी काम आठवलं म्हणाला आणि निघून गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला तशी काकी म्हणाली, "सगळे बोल्ट घाला हां. दोन कमी करू नकात."

दत्तारामने सगळे बोल्ट घातले. पाइप जोडला, त्यावरची क्लिप आवळली. त्या पाइपातून पेट्रोलचा एक थेंबही जाणार नव्हता हे त्याला ठाऊक होतं, तरी कुठे ढिलं तर नाही ना म्हणून त्याने हाताने ओढून बघितलं. मग डिकी लावली. काकीने स्वतः ती एकदा उघडून पुन्हा लावली आणि चादरी पसरायला घेतल्या. दुसरं टोक दत्तारामने धरलं.

जाण्याआधी तिने त्याला गोल उंडे पाव आणि उसळ वाढली, आणि शांतारामचा एक धुतलेला शर्ट दिला. "तसल्या शर्टार बसीत बसलात तर लोक उठान जातले," ती म्हणाली. दत्तारामने मान खाली घालून शर्ट बदलला. तो त्याला खांद्यात थोडा घट्ट झाला.

कोरगावची टाकी साखळीत आली आणि बाबलीने ती बिनबोभाट बसवली. तोंड जुळलं, नळी जुळली. पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावरून हलेना, म्हणून दत्ताराम बांबूची काडी बुडवून पेट्रोल बघू लागला. बाकी गाडीने कसलीच खोड काढली नाही. दोघं डिचोलीच्या बाजाराला जाऊ लागली, मुलीकडे फोंड्याला जाऊन आली. चढावर खनिजाच्या ट्रकांमागे अडकली तरी गाडी आता आचका देत नव्हती.

असेच काही महिने गेले. एका दुपारी जेवताना सुशीलाचा फोन वाजला. ती बराच वेळ हं हं करत राहिली आणि फोन ठेवून ताटावर येऊन बसली.

"गंगाकाकी हुती. बाबलीक इचारूक सांगल्यान, तिची गाडी चालू जायत काय म्हणान. थंय वाड्यार एक पोरगी ड्रायव्हिंग शिकली, ती चलवतली म्हणता. काकीक आठवड्याच्या बाजाराक पेडण्याक जावचा आसा."

दत्तारामचा घास हातातच राहिला. त्या गाडीत आता कोणती टाकी होती, ते त्याच्याएवढं कोणाला ठाऊक असणार! सुशीलानेही त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग तोही हसला, चांगला पोट धरून.

जेवण आटोपून हात धुतले आणि त्याने बाबलीला फोन लावला.

"बाबली, आणखी एक टाकी सोदूक लाग," तो म्हणाला. "ना, माका नाका. काकीक."