उलटा बाण

दगड कापणारी करवत थांबली आणि प्रयोगशाळेत फक्त नळाचं ठिबकणं उरलं. तिने वडिलांच्या जुन्या मोहिमेतल्या दगडाचा ओला उभा काप दिव्याखाली धरला. लाखो वर्षांपूर्वीच्या प्रवाळाच्या वाढीचे पट्टे सरळ वाचता येत होते: निवळ पाण्यात वाढलेले रुंद, गढूळ पाण्यातले केसासारखे बारीक. कडेला काळा बाण होता. बाणाच्या दिशेने पट्टे बारीक होत गेले होते. वडिलांनी हेच मांडलं होतं. नदीचा गाळ वाढला, उजेड कमी झाला, प्रवाळ गुदमरून मेला. त्यांच्या नावावरचा हा एकुलता एक शोध.

मग तिला एक छोटी पोकळी दिसली. प्रवाळातल्या पोकळीत गाळ शिरला की तो तळाशी बसतो, वरची रिकामी जागा पुढे स्फटिकांनी भरते. इथे बाण वर धरला तर गाळ वर येत होता, स्फटिक खाली. तिने बाकीच्या पोकळ्या पाहिल्या. सगळीकडे तेच. गाळ काही छताला चिकटून बसत नाही. दगडच आजवर उलटा वाचला गेला होता.

सुटीच्या दिवशी ती काप रुमालात गुंडाळून वडिलांकडे गेली. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. जेवणाच्या टेबलाचा एकच कोपरा पुसलेला होता. बाकीच्या खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

"लोकांच्या मुली फळं आणतात," ते म्हणाले.

"भिंग घ्या, बाबा. या पोकळीत बघा."

त्यांनी पाहिलं. काप फिरवून पुन्हा पाहिलं. मग भिंग टेबलावर ठेवलं.

"हा बाण तुमचा नाही ना?"

"तुझ्या आईचा. मी तापाने तंबूत पडलो होतो. ड्रिलपाशी तीच उभी होती. म्हटलं, निघेल त्या तुकड्यावर बाण काढून ठेव."

"कुठल्या दिशेने, ते सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? बाण वरच दाखवतो, प्रवाळ वाढतो तिकडे." ते थांबले. "पण तिच्यासमोर ड्रिल खाली जात होतं. बाणही तिने तिकडेच काढला."

"हो."

"मग मेला कशाने तो?"

"गाळाने नाही. गढूळ पाण्यात त्याने सुरुवात केली, पाणी निवळत गेलं तसा जोमाने वाढला. मग समुद्रच मागे सरकला."

"म्हणजे चांगला धडधाकट होता."

"सगळ्यात वरचा पट्टा सगळ्यात रुंद आहे."

"आणि पाणी निघून गेलं," ते म्हणाले.

तिने खाली बघत सांगितलं, "दुरुस्ती छापायची तर तुमची संमती लागेल. नको असेल तर मी कुठे बोलणार नाही."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. उद्याच पाठव."

तिने पर्समधून मार्कर आणि जुना बाण पुसायला स्पिरिटचा बोळा काढला. त्यांनी बोळा बाजूला सारला, मार्कर घेतला आणि आईच्या बाणाशेजारी दुसरा बाण काढला, उलट दिशेचा. तो जरा वाकडा आला.

"दोन्ही राहू देत. कोणी विचारलंच तर सांग, या दोघांचं कधी पटलंच नाही."

ती हसली. तिची बसची वेळ झाली होती.

"दगड राहू दे आठवडाभर," ते म्हणाले. समोरच्या खुर्चीवरचा गठ्ठा त्यांनी उचलून जमिनीवर ठेवला आणि काप तिथे पाठीला टेकवून उभा केला. रुंद पट्टा वर.