मोशेंच्या अक्षराचं पाणी

सोमवारची प्रार्थना आटोपली, तरी कैरोजवळच्या फुस्तातमधल्या ज्यूंच्या प्रार्थनाघराचं अंगण रिकामं व्हायला तयार नव्हतं. ओट्यावर खुलैफ उभा होता. त्याच्या पायाशी घागर, एका हातात तिच्यातल्या पाण्याचा पेला, दुसऱ्यात पिवळट कागदाची पट्टी.

"वैद्यराज मोशेंच्या हातचं अक्षर आहे हे, हसण्यावारी नेऊ नका. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण त्यांची शाई अजून नाडी बघते. रोग दिसला की जाळून काळा करते."

पट्टी पाण्यात बुडाली आणि पाणी काळंकुट्ट झालं. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

मागे मुफद्दल वैद्य उभा होता. गर्दीतले निम्मे लोक त्याचे रोगी. ते गेले तर गेले, पण रांगेत सगळ्यात पुढे काठी टेकून त्याचे सख्खे वडील हनानेल उभे होते. त्यांची सगळी हयात मोशेंचे ग्रंथ उतरवून काढण्यात गेली होती. आता डोळे अधू झाले होते, पायांवर सूज चढली होती, आणि मुलाचं औषध त्यांनी कालपासून बंद केलं होतं.

मोशे असते तर असं केलं असतं, मोशे असते तर तसं. लहानपणापासून हेच. मेलेल्या माणसाचा हेवा करून मुफद्दल थकला होता, त्यात आता हा भामटा.

"बाबा, घरी चला. गंडेतावीज मोशेंना पटत नसत, हे तुम्हीच कितीदा उतरवून काढलंय."

"जळतोस तू," हनानेल म्हणाले.

"जळू द्या, आजोबा," खुलैफने पेला पुढे केला. "एकच घोट घ्या, सूज परत या वाटेला यायची नाही."

हनानेलनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला.

"तुरट. आणि मागून लोखंडाची चव. अरे, ही तर शाई. पन्नास वर्षं बोरूचं टोक जिभेला लावलंय मी. मायफळ आणि हिराकस, तो लोखंडाचा खार; दोन्ही एकत्र आले की काळी शाई होते. मुफद्दल, जुलाबावरची मायफळाची पूड आहे ना पिशवीत?"

होती. मुफद्दलला स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर खुलैफकडे डोळे वटारण्यात त्याचं पेल्याकडे बघायचंच राहून गेलं होतं.

त्याने खुलैफच्या घागरीतल्या पाण्यात नुसती पूड टाकली. पाणी काळं. मग एक कोरडी पट्टी अंगणातल्या रांजणाच्या पाण्यात बुडवली. काही झालं नाही.

"घागरीत हिराकस विरघळवलाय," तो लोकांना म्हणाला. "कागद मायफळाच्या काढ्यात भिजवून वाळवलाय, म्हणून तो जुनाट दिसतो. आणि अक्षर म्हणाल, तर ही वाण्याची चिठ्ठी आहे. दोन टोपल्या कांदे."

"जळतोय तो, म्हणून म्हाताऱ्याला पढवून आणलंय," खुलैफ पट्ट्या गोळा करत ओरडला.

"जळतोयच. माझा बाप तुझ्या रांगेत उभा राहिला, जळू नको तर काय करू? पण माझ्या जळण्याने पाणी काळं होत नाही. लोकहो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दोन्ही जिन्नस बाजारात मिळतात, घरी करून बघा."

लोक पांगले. हनानेल ओट्यावर टेकले आणि त्यांनी हात पुढे केला. मुफद्दलने औषधाची बाटली दिली.

"मोशे असते तर—"

"बाबा, आज तरी नको."

"ऐक. ते असते तर त्यांनाही मी विचारलं असतं. जन्मभर नुसती मान डोलवली, तिथंच चुकलो. यापुढे कुणीही काही पाजायला आलं, की आधी विचारायचं." त्यांनी बाटली नाकाशी धरली. "सांग, यात काय काय आहे?"

मुफद्दल शेजारी बसला आणि एकेक जिन्नस सांगू लागला.