अकरा वर्षांपूर्वीची चर्चा आणि माझं काजाचं मशीन

काजाचं मशीन बिघडलं तेव्हा पहिलं नाव मी सुनेचं घेतलं. त्याच दिवशी सकाळी तिने ते पुसलं होतं, एवढं मला पुरे होतं.

शर्टाला बटणासाठी मधे चिरलेली, कडेने दोरा भरलेली जागा असते ती काज. लोक भोक म्हणतात. भोक उंदीरही पाडतो. आमच्या रस्त्यावरचे पाच शिंपी शर्ट शिवतात आणि काजांसाठी माझ्याकडे पाठवतात. मशीन आधी दोन्ही कडा दोऱ्याने भरतं, मग शेवटी सुरी पडते आणि मधलं कापड चिरतं. आमची सुरी आधीच पडायला लागली. कडा अर्धी भरलेली आणि खाडकन चीर! दोरा तुटला, कापड गोळा झालं, नवा कोरा शर्ट वाया. असे दोन शर्ट गेल्यावर शिंपी माझ्या दाराकडे मान न वळवता जायला लागले.

या मशीनची नस ठाऊक असलेला मिस्त्री कधीच गेला. नवे येतात, झाकण उघडतात, "पार्ट मिळत नाही" म्हणतात आणि चहा पिऊन जातात.

मुलगा म्हणाला, "आई, चाळीस वर्षं झाली त्याला. शनिवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू. नवीन कॉम्प्युटरवालं आणू. ही चालवेल."

ही म्हणजे सून.

"आणि मी?"

"तू आराम कर."

हा शब्द मला शिवीसारखा लागतो. माझ्या वयाच्या बायका आराम करतात म्हणजे काय करतात ते मी रोज बघते. खिडकीत बसतात आणि कोण आलं, कोण गेलं त्यावर नजर ठेवतात. ज्या दिवशी माझ्या पायाखालून ते पेडल जाईल, त्या दिवशी या घरात मला कोणी काही विचारणार नाही. जेवलीस का, एवढंच विचारतील.

मंगळवारी सुनेने मोबाईल पुढे केला. "आई, हे बघा. जुन्या शिलाई मशीनवाल्यांचा फोरम आहे. एक जण प्रश्न लिहितो, बाकीचे खाली उत्तरं लिहितात."

मी चार इयत्ता शिकले आहे, त्याही सलग नाही. पण बोट लावून वाचते आणि वाचलेलं विसरत नाही. तिथे 'रिकामी बॉबिन' नावाच्या माणसाने अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: मशीन आमच्याच जातीचं, सुरी वेळेआधी पडते, काय करू? खाली आठ जणांचे सल्ले. सुई बदला. पट्टा आवळा. एकाने तर स्वतःच्या पाठदुखीचंच पुराण लावलं होतं. आणि सगळ्यात शेवटी पुन्हा रिकामी बॉबिन: "झालं. कारण अगदीच फालतू निघालं. सर्वांचे आभार."

मी बोट पुढे सरकवलं. पुढे काहीच नव्हतं.

"कारण कुठंय?"

"लिहिलंच नाही त्यांनी."

"अरे मेल्या, फालतू तर फालतू, सांग की!" मी मोबाईलवर ओरडले. शेजारीण डोकावून गेली.

सुनेने 'काजवाली' असं नाव घालून माझं खातं उघडलं. "काय लिहू?"

"आधी विचारपूस कर."

"कोणाची?"

"सगळ्यांची. नऊ माणसं बसलीयत, त्यांच्यात शिरून एकदम कामाचं बोलायचं? मी काय पोलीस आहे?"

"आई, ते बसलेले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी लिहून निघून गेलेत."

"म्हणूनच विचारायचं. इतक्या वर्षांनी गाठ पडतेय."

तिने ओठ दाबले आणि लिहिलं. नऊ माणसांना नऊ वेगळे निरोप. तुमची पाठ आता कशी आहे? तुम्ही दुकान हलवणार होतात, हलवलं का? हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलं होतं, मी काही हवेतून काढलं नाही. रिकामी बॉबिनला शेवटी लिहिलं: "तुमचं फालतू कारण कळवा. शनिवारच्या आत."

संध्याकाळी उत्तर आलं ते त्याचं नव्हतं. फोरमवर लक्ष ठेवणारा एक चालक असतो, त्याचं होतं. नाव 'तेलकट हात'. बोलणं मात्र कडक इस्त्रीचं.

"काजवाली, नियम चार वाचावा. दोन वर्षांहून जास्त शांत असलेली चर्चा उकरून काढू नये. तुमच्या नऊ निरोपांमुळे ही चर्चा नऊ वेळा सगळ्यात वर आली आणि आजच्या लोकांचे प्रश्न खाली गेले. नवीन चर्चा सुरू करावी. ही बंद करत आहे."

आणि खरोखरच त्या चर्चेवर कुलपाचं चित्र आलं.

"विचारपूस केली म्हणून कुलूप?" मी म्हणाले. "यांच्या आयांनी यांना काय शिकवलं?"

"आई, नवीन चर्चा काढू या."

बुधवारी नवीन काढली. "काजाची सुरी आधी पडते. काय करावं?" चहा पिऊन होतो न होतो तोच 'सरळ टाका' नावाच्या कोणा शहाण्याने लिहिलं: "हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे. नवीन चर्चा काढण्याआधी जुनं शोधायची सवय लावा." खाली जुन्या चर्चेची लिंक. सुनेने दाबली. तीच निघाली. कुलूपवाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक म्हणतो आत यायचं नाही, बाहेर विचार. दुसरा म्हणतो बाहेर काय उभी आहेस, आत जा. आणि आतल्या दाराला पहिल्याने कुलूप घातलेलं! यांच्या घरी येणारा पाहुणा उंबऱ्यावरच म्हातारा होत असेल. शनिवारला तीन दिवस उरले होते आणि हे मला सवयी शिकवत होते.

चालकाला आतून निरोप पाठवता येतो असं सून म्हणाली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मग मी बोट लावून तपासलं.

"हे 'कृपया' कोणी घातलं?"

"मी."

"काढ."

"राहू दे ना, आई. एकच आहे."

राहू दिलं.

गुरुवारी सकाळी त्याचं लांबलचक उत्तर आलं. "ताई, नियम रागाने केलेला नाही. लोक जुन्या चर्चेत येऊन 'मलाही हीच अडचण' एवढंच लिहितात. मग आमची माणसं वरचा पहिला प्रश्न वाचून, कधीच निघून गेलेल्या माणसाला उत्तरं देत बसतात. मी स्वतः चार दिवस एकाला पट्टा कसा चढवायचा ते समजावत होतो. त्याने ते मशीन आठ वर्षांपूर्वी विकून टाकलं होतं. रिकामी बॉबिन इथे नऊ वर्षं फिरकलेला नाही, त्याची वाट पाहू नका. आणि त्याचं कारण त्याच्या मशीनचं. तुमचं वेगळं असेल. तुमच्या नव्या चर्चेतच जुनीची लिंक द्या आणि नियम सहाप्रमाणे लिहा: बिघाड कधीपासून, त्याआधी मशीनमध्ये काय बदललं, कोणी बदललं. हे लपवून विचारलंत तर आम्ही नुसते अंदाज करू."

माणूस वाटला होता तेवढा वाईट नव्हता. याचाही मला रागच आला.

सून अंगठे सावरून बसली. "सांगा. कधीपासून?"

"गेल्या सोमवारपासून."

"त्याआधी काय बदललं?"

मी पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करायला घेतल्या. तिने थोडी वाट पाहिली आणि आपणच लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होती, "सुनेने मशीन ओल्या फडक्याने पुसलं." मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "फडकं कोरडं होतं. पण तुम्ही ओलं म्हणालात, तर ओलं लिहिते."

त्या अनोळखी माणसाने सहावा नियम माझ्यासाठीच केला होता की काय कोण जाणे.

"खोड ते," मी म्हणाले.

"काय?"

"पुसल्याचं खोड. लिही, सुरीमागची स्प्रिंग तुटली होती. रविवारी. तुम्ही सगळे बाहेर गेला होतात तेव्हा. काजवालीने तिथे मोडक्या वजनकाट्याची स्प्रिंग बसवली."

तिने मोबाईल मांडीवर ठेवला. "आणि सोमवारी मी पुसलं."

"हो."

"दहा दिवस झाले, आई. ह्यांनी मला मशीनच्या खोलीत पाय टाकू नको म्हणून सांगितलंय."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मीच सांगितलं होतं त्याला तसं सांगायला."

यावर ती काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत होते. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण तिने मोबाईल उचलला आणि काचेला तडा जाईल अशा जोराने अंगठे आपटत लिहायला लागली. मधेच विचारलं, "हे सगळं लिहू? सगळं जग वाचेल."

"लिही. मुलगा 'तू हात लावू नकोस' म्हणाला असता म्हणून कोणाला सांगितलं नाही, हेही लिही."

"तुमचं खरं नाव नाही तिथे. काजवाली आहे."

"ती मीच आहे."

अर्ध्या तासात तेलकट हाताचं उत्तर आलं. "वजनकाट्याची स्प्रिंग फार ताठ. तिच्या ओढीने सुरीचा खटका आधीच सुटतो. जुनी ठेवली आहे का? तिच्या टोकाचा नुसता आकडा तुटला असेल तर शेवटचा वेढा पकडीने वाकवून नवा आकडा करा. बसवल्यावर आधी हाताने चाक फिरवून पाहा." त्याखाली सरळ टाका टपकला होताच: "पहिल्यांदाच असं लिहिलं असतं तर?" मी त्याला जे उत्तर सांगितलं ते सुनेने लिहिलं नाही.

तुटलेली स्प्रिंग मी खडूच्या डबीत दडवून ठेवली होती. काढून तिच्या हातावर ठेवली. माझ्या बोटांत आता एवढ्या बारीक तारेवर पकड धरायची ताकद नाही, हेही त्याच वेळी कबूल करावं लागलं. मी बॅटरी धरली, तिने वेढा वाकवला. दोनदा पकड निसटली. दुसऱ्यांदा तिच्या अंगठ्याला लागलं आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बॅटरी आणखी जवळ नेली. मग चाक हाताने फिरवलं. एक कडा भरली, दुसरी भरली, टोक बांधलं गेलं. मग सुरी. चिंधीवर दहा काजं काढली. दहाही नीट.

मुलगा घरी आला तशी मी चप्पलही काढू न देता सांगितलं, "बिघाड हिच्यामुळे नव्हता. स्प्रिंग मी बदलली होती."

"आई, तू पण ना!" म्हणून तो हसला.

"तिच्यावर नव्हता हसलास. ओरडला होतास."

त्याचं हसू राहिलं अर्ध्यावर.

"भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव. आणि खोलीत ये म्हणून हिला तू सांग. मी सांगितलं तर ती येईल, पण बंदी तुझ्या तोंडून गेली होती."

शनिवारी कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकच शर्ट पाठवला. परीक्षाच होती ती. खोलीत आम्ही तिघंही होतो. सहा काजं अशी उतरली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. सातवं काज पुरं झालं आणि त्याच्या कडेने पिवळा डाग पसरला. तेल.

मुलाची मान सवयीने सुनेकडे वळली. तिचेही खांदे आवळले गेले, मी पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस?" मी म्हणाले. "सकाळी तेल मी घातलं. जास्त घातलं."

सुनेने साबण आणला, डागाखाली फडकं धरून तीनदा घासलं. डाग फिका झाला, गेला नाही. ती शर्टाची घडी घालून तो शिंप्याकडे न्यायला उठली. मी तिच्या हातातून शर्ट घेतला, पायात चपला सरकवल्या आणि मीच घेऊन गेले.