माझ्या डाव्या अंगाची तक्रार

मी गाडी बोलतेय, पण जरा सावकाश बोलेन. वय झालंय. आणि जे सांगायचंय ते मलाच अजून धड उमगलेलं नाही, तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

एके काळी माझा मोठा तोरा होता. अंग काळंभोर, आत मऊ कातड्याच्या गाद्या, समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी आणि फळीच्या मधोमध कॅसेटचा रेडिओ. दार लावलं की 'धप्' असा जाड आवाज यायचा. तो ऐकायला लोक एकदा लावलेलं दार उघडून पुन्हा लावायचे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पुष्कळ हात अंगावरून फिरले, एवढंच. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो?

माझे पहिले मालक हाडांचे डॉक्टर. मागच्या सीटवर बसायचे आणि बसल्या बसल्या घोरायचे. दिवसभर दुसऱ्यांची हाडं जोडून दमलेला माणूस. मला चालवायचे ते काका. बावीस वर्षं त्यांचाच हात माझ्या चाकावर. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, हिला तूच ओळखतोस, घेऊन जा. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत काका आरशातून रिकामी सीट बघत होते.

घरी काकू. काकूही ड्रायव्हरच, बरं का. इस्पितळाच्या चादरी धुवायला नेणारी व्हॅन त्यांनी अकरा वर्षं चालवलेली. म्हणजे घरात ड्रायव्हर दोन आणि स्टिअरिंग एक. पण काकांनी त्यांना माझ्या चाकाला बोट लावू दिलं नाही. म्हणायचे, व्हॅन हाणायची असते, ही गोंजारायची असते. मग बसा गोंजारत, असं म्हणून काकू डावीकडच्या सीटवर बसायच्या आणि बोलायला लागायच्या. पेट्रोल संपेल, पण त्यांचं बोलणं संपणार नाही. काका मधून मधून 'हं', 'बरं', 'असेल' म्हणायचे. मला ते ऐकत धावायला फार आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वीची ती गोष्ट झाली. काकूंची थोरली बहीण, तिला त्या ताई म्हणतात. दुसऱ्या गावात तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. तिला भेटून परतताना काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "अहो, ताईला आपल्याकडे आणूया का?"

काका समोर बघत राहिले. थोड्या वेळाने काकूंनी पुन्हा विचारलं. पुढच्या चौकात तिसऱ्यांदा. काकांनी गिअर बदलला, बस्स. काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी गोंधळून गेले. काका मला ठाऊक होते. नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणणारा माणूस. मुकाट राहून टाळणं त्यांच्या रक्तात नाही. पण मी पडले गाडी, विचारणार कशी?

त्या दिवसापासून माझ्या पोटात शांतता पसरली. काकू कामापुरतं बोलायच्या. एकदा फोनवर ताईशी बोलताना त्या म्हणाल्या, घरी माझी खुर्ची यांच्या उजव्या हाताला, तिथे औषध घेतलं का, जेवायचं का, सगळ्याला उत्तर देतात, फक्त गाडीत तोंडाला कुलूप. मनात काहीतरी धरून बसलेत. ताईला आणण्याबद्दल मात्र त्या ताईशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

इकडे काकांनी रेडिओ लावायला सुरुवात केली. आधी हळू, मग मोठा, मग इतका मोठा की माझ्या काचा थरथरायच्या. आणि एक दिवस त्यांनी तक्रार मांडली. हिचा डावा स्पीकर गेलाय.

मला धक्काच बसला. माणसाचं डावं अंग जातं म्हणतात, तसं माझं गेलं की काय? पण दारातला तो स्पीकर तर थडथड उडत होता. मला आतून जाणवत होतं. आपण घसा फोडून ओरडावं आणि कुणी म्हणावं बोल की, तसं झालं माझं. काकूंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण काकांनी विचारलं नाही आणि त्या आपणहून बोलल्या नाहीत.

शेवटी काका मला नवा स्टिरिओ बसवायला घेऊन गेले. काकूही आल्या, बाजूच्या बाकावर बसल्या. तिथला कारागीर कानावर पेन्सिल ठेवावी तसा टेस्टर ठेवायचा, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. त्याने जुना रेडिओ बाहेर काढला, तारा जोडून टेबलावर वाजवला आणि म्हणाला की हा ठणठणीत आहे, कशाला काढताय? काका म्हणाले, तू नवा बसव.

नव्याचं तोंड मोठं. माझ्या लाकडी फळीत मावेना. आता करवत येणार म्हणून मी जीव मुठीत धरला. पण टेस्टरने कानस घेतली आणि अर्ध्या बोटाएवढी कड हळूहळू घासली. माझ्या जुन्या वायरी तोडल्या नाहीत, मधे जोड लावला. म्हणाला, म्हातारीच्या शिरा कापायच्या नसतात. हात गुणी होता.

नवा म्हणजे नुसती काळी पाटी. जुन्याचे कान पिळता यायचे, याला कानच नाहीत. बोट लावलं की चेहरा उजळतो. टेस्टरने त्यावर चाचणीचा आवाज लावला. एक बाई एकदा डावीकडून म्हणते 'डावा', एकदा उजवीकडून म्हणते 'उजवा'. दुसरं काही नाही.

काका स्टिअरिंगमागे बसले. म्हणाले, उजवा झकास, डावा लांबून कुणी पुटपुटावं तसा.

टेस्टरने दारं उघडून दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. काका म्हणाले, डावा तसाच. त्याने वायरी बदलून पाहिल्या. डावा तसाच. तो स्वतः आत बसला, त्याला दोन्ही स्वच्छ ऐकू आले. आता गोंधळलेले आम्ही तिघे झालो. तो, मी आणि ती काळी पाटी.

मग काकांना वाटलं, मागच्या बाजूला काही सुटलंय का ते बघावं. ते सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून वळले आणि तसेच थांबले.

"वाजला बघ डावा," काका म्हणाले. "पण आता उजवा गेला."

 टेस्टरने कानावरचा टेस्टर काढला, बघितला, परत ठेवला. काका पुन्हा सरळ बसले तेव्हा तो डाव्या खिडकीशी गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "काका, चहा सांगू?"

काका समोर बघत होते. टेस्टर मला वळसा घालून उजव्या खिडकीशी आला आणि त्याच आवाजात तेच विचारलं.

"विचारतोस काय? सांग की," काका म्हणाले.

काकू बाकावरून हे बघत होत्या. त्या उठल्या. सवयीने डाव्या दाराकडे निघाल्या, मधेच थांबल्या आणि फिरून उजव्या खिडकीशी आल्या.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ताईला आपल्याकडे आणूया का, म्हणून विचारलं होतं. तीनदा."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

काकांनी काळ्या पाटीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "मग आणायचं की. यात विचारायचं काय? आणि मला वाटलं, तूच रुसलीस. का रुसलीस ते कळेना, म्हणून मी आपला रेडिओ लावून बसायचो."

"मी कशाला रुसू? मला वाटलं तुम्ही रुसलात," काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसता पुसता माझी काचही पुसून गेल्या. टेस्टर चहा घेऊन आला, तो खिडकीत ठेवला आणि आत बसवलेली स्वच्छ पाटी उगाच फडक्याने पुसत बसला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस सुकली आहे, यंत्राने फारसा फरक पडणार नाही. उजवा शाबूत आहे. गाडी चालवू नका, असं काही ते म्हणाले नाहीत.

ताईला आणायला निघायच्या दिवशी काकू डावं दार उघडायला गेल्या, तर काका आधीच तिथे उभे. त्यांनी किल्ली पुढे केली.

"तिकडून बस. चालव तू."

काकू म्हणाल्या, "आणि गोंजारायचं कुणी?"

"ते मी बाजूने सांगतो. मी त्या चाकामागे बसलो की तू माझ्या डाव्या अंगाला पडतेस."

काकूंच्या हातात मला व्हॅनची सवय जाणवली. पहिल्या वळणावर जरा हाणलंच मला. पण मी काही बोलले नाही. काका आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसले होते. दर चौकात पाय दाबायचे, जिथे ब्रेक नाही तिथे. पाय वर घ्या, तिथे काही नाही, असं काकू सांगायच्या. मग दोन वर्षांचं साठलेलं बोलायला लागायच्या. आता त्यांचं तोंड काकांच्या उजव्या कानाशी. काका 'हं' म्हणत होते, 'बरं' म्हणत होते, एकदा तर चक्क भांडले. मी घाट कधी चढले ते मला कळलं नाही.

ताई आता मागे, माझ्या जुन्या डॉक्टरांच्या जागेवर बसते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, माणसं बोलत असताना ती पेटी कशाला गातेय? तेव्हापासून पाटी काळीच असते. मला कोडं पडतं. फळी घासली, जोड लावला, एवढा खटाटोप झाला तो कशासाठी? माझा डावा स्पीकर तेव्हाही वाजत होता, आताही वाजेल. दुरुस्त नेमकं काय झालं?

तुम्हाला कळलं असेल तर असू द्या. माझं एवढंच मागणं आहे. रस्त्यात मी दिसले, काकांना तुम्ही डावीकडून हाक मारलीत आणि त्यांनी ओ दिली नाही, तर मनात काही धरू नका. मला वळसा घालून उजवीकडे या. तिथून काकू त्यांना सांगतील.