अडकणारं कोपर

टेबलावर काहीतरी काळं पडलं होतं. टोकदार, दोन भोकांचं... चष्मा? किडा? तिनं हात लावला, गार लोखंड बोटांत बसलं आणि तिचं तिलाच हसू आलं – वीस वर्षं जिच्यावर पोट भरलं ती कात्री! डोळे ठणठणीत आहेत, मार मेंदूला बसलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून स्थिर असलेलं सगळं म्हणजे नुसता चिखल, चेहरेसुद्धा. फक्त माणूस हलला, की त्या चिखलातून लख्ख उभा राहायचा – कोण लंगडतंय, कोण घाईत आहे, कोण रडून आलंय, सगळं चालीवरून कळायचं. असं का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना.

"ताई, उद्या पोलिसांत त्या हल्ल्याचा जबाब द्यायचाय," स्टुलावरून धाकटा भाऊ म्हणाला. तो शिलाईच्या दुकानातली निखळलेली फळी ठोकायला वर चढला होता. "कारागिराचंच नाव घे. कामावरून काढलंस म्हणून डूख धरला त्यानं."

"मी चेहरा कुठं पाहिला?"

"मी पाहिलं ना त्याला पळताना. तू नुसतं हो म्हण."

किती केलं यानं महिनाभर! घास भरवले, केस विंचरले. दुकान विकायचं भांडणही पुन्हा उकरून काढलं नाही.

त्यानं हातोडी उचलली.

आधी खांदा वर. मग कोपर बाहेर, अर्ध्यावर अडकलेलं – आणि झटका. धाड! पुन्हा खांदा, कोपर, अडकणं, धाड – आणि त्या दिवशी काजं करताना समोरच्या आरशात क्षणभर दिसलेला, मागून उठलेला तो हात... कवटीत फुटलेला आवाज, तोंडात रक्त, जिभेवर दाताचा तुकडा... तोच! लहानपणी मीच ढकललं होतं याला भिंतीवरून. कोपर मोडलं, ते कधी नीट बसलंच नाही. आणि तो बिचारा कारागीर कोठडीत मार खातोय.

"काय गं, म्हणशील ना हो?" तो पाठमोराच म्हणाला.

फोडावं. याचंही डोकं असंच फोडावं. ती उठली, आणि आरशात एक बाई लख्ख उभी राहिली – आधी खांदा वर, मग कोपर बाहेर, मुठीत काहीतरी काळं, टोकदार. वडिलांचा पट्टा असाच उठायचा, आम्हा दोघांवर.

ती थबकली. थबकताच बाई चिखलात विरून गेली. खांदा मात्र खाली येईना.